परीक्षानळीतील साक्ष

प्रस्तावना

एखादी वस्तू कशी दिसते, यावरून ती कोणती आहे हे नेहमीच कळत नाही. साखर, मीठ आणि तुरटीची पूड एका रांगेत मांडली, तर नुसत्या डोळ्यांना फसायला वेळ लागत नाही. पुढील माहितीपर लेखात सेंद्रिय पदार्थ ओळखण्याच्या काही रासायनिक कसोट्यांचा परिचय करून दिला आहे. रसायनशास्त्र न शिकलेल्या वाचकालाही विषय समजावा, म्हणून सूत्रांऐवजी शब्दांचा उपयोग केला आहे. लेख वाचताना प्रत्येक कसोटीविषयी दोन प्रश्न मनात धरावेत : ही कसोटी काय सांगते? आणि काय सांगत नाही?

डोळे आणि नाक पुरे पडत नाहीत

जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालाड उपनगरातील मालवणी भागात विषारी दारू पिऊन शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. मृतांत हातावर पोट असलेल्या कष्टकऱ्यांचा भरणा होता. त्या दारूत मिथेनॉल होते. अशा घटना देशाच्या इतर भागांतही घडल्या आहेत आणि प्रत्येक वेळी एकच प्रश्न उभा राहतो : पिणाऱ्याला हे कळले कसे नाही?

त्याचे उत्तर या द्रवांच्या स्वरूपातच आहे. दारूत असते ते इथेनॉल. त्याच्या रेणूत कार्बनचे दोन अणू असतात; मिथेनॉलच्या रेणूत एक. बाकी दोघांचे रूप जवळजवळ सारखेच. दोन्ही द्रव रंगहीन, पाण्यात सहज मिसळणारे आणि चटकन पेट घेणारे. वासातही सामान्य माणसाला फरक करता येत नाही. ‘दारू पेटवून पाहावी, निळी ज्योत निघाली तर ती चांगली’, असा एक समज आढळतो. परंतु मिथेनॉलही फिकट निळ्या ज्योतीनेच जळते. म्हणजे ही घरगुती परीक्षा धोक्याचा इशारा देतच नाही. उलट खोटा दिलासा मात्र देते.

शरीरात गेल्यावर मात्र दोघांची वाट वेगळी होते. इथेनॉलही निर्धोक नाहीच. पण मिथेनॉलचे यकृतात प्रथम फॉर्माल्डिहाइड आणि नंतर फॉर्मिक आम्ल होते. हे आम्ल शरीरात साचत जाते. डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूला ते इजा करते. त्यामुळे दृष्टी जाते आणि वेळीच उपचार झाले नाहीत, तर प्राणही जातो.

दिसण्यात सारखे आणि परिणामात इतके भिन्न असलेले पदार्थ ओळखायचे कसे? रसायनशास्त्राने यासाठी एक मार्ग शोधला. पदार्थाच्या रूपावर न विसंबता त्याचे वर्तन पाहायचे.

क्रियात्मक गट म्हणजे काय?

कार्बन हा मुख्य घटक असलेल्या संयुगांना सेंद्रिय संयुगे म्हणतात. साखर, तेल, कापूस, रबर, औषधे, रंग, अत्तरे ही सारी या कुळातली. अशी लक्षावधी संयुगे ज्ञात आहेत. प्रत्येकाचा स्वभाव स्वतंत्रपणे पाठ करायचा ठरवले, तर एक आयुष्य पुरणार नाही. सुदैवाने तशी गरज पडत नाही.

खुरपे, विळा आणि कुऱ्हाड यांच्या मुठी लाकडाच्याच असतात. कोणते अवजार काय काम करील, हे ठरते पात्यावरून. सेंद्रिय रेणूचेही असेच आहे. कार्बन आणि हायड्रोजन यांचा सांगाडा ही जणू मूठ. त्याला जोडलेला काही अणूंचा विशिष्ट समूह हे पाते. या समूहाला क्रियात्मक गट असे म्हणतात. ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांचा हायड्रॉक्सिल गट असला की पदार्थ अल्कोहोल होतो. कार्बॉक्सिल गट असला की तो आम्लधर्मी होतो. व्हिनेगर व चिंच यांचा आंबटपणा याच गटाचा. सांगाडा लहान असो वा मोठा, गट तोच असेल तर वागणे बरेचसे सारखे राहते.

ही कल्पना हळूहळू रुजली. १८३२ मध्ये युस्टुस फॉन लीबिख आणि फ्रीडरिश व्होलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी कडू बदामाच्या तेलावर अनेक प्रयोग केले. तेलापासून निरनिराळे पदार्थ तयार होत होते. पण अणूंचा एक समूह प्रत्येक पदार्थात जसाच्या तसा टिकून राहत होता. रेणूतला एखादा भाग अखंड राहून एका पदार्थातून दुसऱ्यात जाऊ शकतो, हे त्यातून दिसून आले. रेणूकडे गटांचा समुच्चय म्हणून पाहण्याची दृष्टी येथून बळावली.

गट ओळखण्याची रीत अशी : पदार्थाचा थोडासा नमुना परीक्षानळीत घ्यायचा, त्यात ठरावीक रसायन घालायचे आणि काय घडते ते पाहायचे. रंग बदलतो, बुडबुडे येतात, तळाशी अवक्षेप म्हणजे साका बसतो किंवा विशिष्ट वास सुटतो. यांपैकी प्रत्येक बदल ही त्या गटाने दिलेली साक्ष असते. मात्र न्यायालयात एका साक्षीदारावर निकाल देताना जशी सावधगिरी बाळगतात, तशीच ती येथेही बाळगावी लागते.

बुडबुडे आणि रंग

व्हिनेगरमध्ये खाण्याचा सोडा टाकला, की द्रव फसफसतो. निघणारा वायू चुन्याच्या निवळीत सोडला, तर निवळी दुधाळ होते. त्यावरून तो कार्बन डायऑक्साइड आहे हे कळते. कार्बॉक्सिल गटाची ही सर्वांत सोपी कसोटी. फिनॉल हा पदार्थही किंचित आम्लधर्मी आहे. पण त्याची आम्लता इतकी सौम्य असते, की सोड्यातून तो वायू बाहेर काढू शकत नाही. त्यामुळे या कसोटीने सेंद्रिय आम्ल आणि फिनॉल यांच्यातला भेद समजतो.

परंतु सौम्य केलेले हायड्रोक्लोरिक आम्ल घातले, तरी सोडा असाच फसफसेल. ते आम्ल सेंद्रिय नाही. म्हणजे बुडबुड्यांनी सांगितले ते एवढेच, की ‘येथे पुरेसे तीव्र आम्ल आहे’. ते कोणते, हे सांगितले नाही.

दुसरी कसोटी असंतृप्ततेची. काही रेणूंत दोन कार्बन अणू दुहेरी बंधाने जोडलेले असतात. अशा पदार्थात पोटॅशियम परमँगनेटचे थंड व विरल द्रावण घातले, तर त्याचा जांभळा रंग नाहीसा होतो आणि तपकिरी साका बसतो. ब्रोमीनचा तांबूस रंगही दुहेरी बंधामुळे उडतो. हेच तत्त्व खाद्यतेलांच्या तपासणीत वापरतात. १०० ग्रॅम तेल किती ग्रॅम आयोडीन शोषून घेते, त्या आकड्याला तेलाचा आयोडीन मूल्यांक म्हणतात. खोबरेल तेलाचा मूल्यांक सुमारे ७ ते १०, तर शेंगदाणा तेलाचा सुमारे ८५ ते ९९ असतो. खोबरेल तेलात दुसरे स्वस्त तेल मिसळले, तर हा आकडा वाढतो आणि भेसळीचा संशय येतो.

येथेही मर्यादा आहेच. परमँगनेटचा जांभळा रंग अल्डिहाइड गटामुळेही जाऊ शकतो. म्हणून रंग उडाला, एवढ्यावरून दुहेरी बंध सिद्ध होत नाही. ब्रोमीनची कसोटीही तशीच साक्ष देते का, हे पाहावे लागते.

आरसा आणि मोरचूद

अल्डिहाइड हा शब्द लीबिख याने १८३५ मध्ये रूढ केला. ‘हायड्रोजन काढून घेतलेले अल्कोहोल’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दांचा तो संक्षेप आहे. अल्डिहाइड सहज ऑक्सिडीकृत होते आणि तसे होताना समोरच्या पदार्थाचे क्षपण करते. अमोनियायुक्त सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात ते घालून नळी कोमट पाण्यात ठेवली, तर द्रावणातली चांदी मोकळी होते आणि काचेच्या आतल्या बाजूस तिचा चकचकीत थर बसतो. नळीचा आरसा होतो! बर्नहार्ड टोलेन्स याच्या नावाने ही कसोटी प्रसिद्ध आहे. अल्डिहाइडचा भाऊबंद असलेला कीटोन गट सामान्यतः असा आरसा देत नाही. मात्र या द्रावणाबाबत एक सूचना काटेकोरपणे पाळावी लागते. ते दरवेळी ताजेच बनवावे लागते आणि काम संपताच नष्ट करावे लागते. साठवून ठेवल्यास त्यात स्फोटक संयुगे तयार होऊ शकतात.

याच तत्त्वावर आधारलेली एक कसोटी मधुमेहाच्या रुग्णांना दीर्घकाळ उपयोगी पडली. अमेरिकन शास्त्रज्ञ स्टॅन्ली बेनेडिक्ट याने विसाव्या शतकाच्या आरंभी मोरचूद, सोडियम सायट्रेट आणि सोडियम कार्बोनेट यांचे निळे द्रावण सिद्ध केले. त्यात लघवीचे काही थेंब घालून ते तापवतात. ग्लुकोज असल्यास निळा रंग प्रमाणानुसार हिरवा, पिवळा, नारिंगी आणि अखेरीस विटकरी होतो. कित्येक दशके दवाखान्यांतून हाच रंग पाहून औषधाची मात्रा ठरवली जात असे.

पण बेनेडिक्टचे द्रावण ग्लुकोजला नावाने ओळखत नाही. क्षपण करणारा कोणताही पदार्थ त्याला चालतो. क जीवनसत्त्वाच्या गोळ्या मोठ्या प्रमाणात घेतलेल्या माणसाच्या लघवीनेही रंग बदलू शकतो. अंगावर पाजणाऱ्या मातेच्या लघवीत दुधातली शर्करा उतरते आणि तीही रंग बदलते. या दोघांना मधुमेह असेलच असे नाही. एवढ्या एका रंगावरून निदान केले, तर निरोगी माणसाला रोगी ठरवण्याची चूक घडेल. १९५० च्या दशकात ग्लुकोज ऑक्सिडेज या विकराचा उपयोग करणाऱ्या पट्ट्या आल्या. हा विकर मुख्यतः ग्लुकोजवरच क्रिया करतो. त्यामुळे प्रश्न अधिक नेमका झाला आणि उत्तरही.

उलट बाजूचे उदाहरण स्वयंपाकघरातले आहे. आपली नेहमीची साखर बेनेडिक्टच्या द्रावणाला दाद देत नाही. साखरेच्या रेणूत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांचे क्रिया करणारे भाग एकमेकांत गुंतलेले असतात. साखर सौम्य आम्लात उकळून, नंतर आम्लता घालवून पुन्हा कसोटी घेतली, की विटकरी रंग उमटतो. सारांश, ‘नाही’ हे उत्तरही शेवटचे मानता येत नाही. गट कधी कधी लपलेला असतो.

जुनी गोळी आणि जांभळा रंग

फिनॉल गट असलेल्या पुष्कळ संयुगांत फेरिक क्लोराइडचे थेंब घातले, की जांभळा, निळा किंवा हिरवा रंग येतो. ॲस्पिरिन सॅलिसिलिक आम्लापासून बनवतात. सॅलिसिलिक आम्लात मोकळा फिनॉल गट असतो. ॲस्पिरिन बनवताना तो झाकला जातो. त्यामुळे शुद्ध ॲस्पिरिनला फेरिक क्लोराइडने जांभळा रंग येत नाही.

ॲस्पिरिनच्या गोळ्या दमट हवेत दीर्घकाळ राहिल्या, तर हवेतल्या बाष्पामुळे तिचा रेणू फुटतो. त्यातून सॅलिसिलिक आम्ल आणि ॲसेटिक आम्ल ही दोन आम्ले सुटी होतात. ॲसेटिक आम्ल म्हणजे व्हिनेगरमधले आम्ल. म्हणूनच जुन्या ॲस्पिरिनच्या बाटलीला आंबूस वास येतो. अशी गोळी कुटून फेरिक क्लोराइड घातले, तर जांभळा रंग दिसू लागतो. येथे कसोटीने औषध ओळखले नाही. औषध बिघडल्याचे ओळखले. जो रंग यायला नको, तो आला, हीच तिची साक्ष.

दारूतले विष कसे शोधतात?

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळता येईल. अल्कोहोल ओळखण्याची एक जुनी रीत म्हणजे आम्लयुक्त पोटॅशियम डायक्रोमेट. अल्कोहोलमुळे त्याचा नारिंगी रंग हिरवा होतो. १९५४ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट बोर्केनस्टीन याने याच अभिक्रियेवर वाहनचालकांचा श्वास तपासणारे यंत्र बनवले. परंतु हा बदल इथेनॉल आणि मिथेनॉल या दोहोंमुळे होतो. आपल्या प्रश्नाला येथे उत्तर मिळत नाही.

आयोडोफॉर्म कसोटी एक पाऊल पुढे नेते. नमुन्यात आयोडीन आणि सोडियम हायड्रॉक्साइड घालून तो कोमट केला, तर इथेनॉलमुळे पिवळा साका बसतो आणि इस्पितळात येतो तसा वास सुटतो. मिथेनॉल असा साका देत नाही. सुट्या, शुद्ध द्रवांच्या दोन बाटल्या समोर असतील, तर ही कसोटी त्यांना अचूक वेगळे करील.

पण विषारी दारू म्हणजे शुद्ध द्रव नव्हे. तिच्यात बहुधा इथेनॉल आणि मिथेनॉल दोन्ही असतात. त्यातले इथेनॉल पिवळा साका देईल आणि परीक्षक समाधानाने म्हणेल, ‘इथेनॉल आहे’. ते खरेही असेल. मात्र मिथेनॉल नाही, असे त्या साक्याने म्हटलेलेच नाही. एक पदार्थ असल्याचा पुरावा हा दुसरा नसल्याचा पुरावा होत नाही. कसोट्या वाचताना ध्यानात ठेवण्याची सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

म्हणून प्रश्नच बदलावा लागतो. नमुन्याचे ऊर्ध्वपातन करून मिळालेल्या द्रवात फॉस्फरिक आम्ल व परमँगनेट घालतात. त्यामुळे मिथेनॉलचे फॉर्माल्डिहाइड होते, तर इथेनॉलचे ॲसेटाल्डिहाइड. उरलेल्या परमँगनेटचा रंग घालवून मग क्रोमोट्रोपिक आम्ल व तीव्र सल्फ्युरिक आम्ल घालून नळी तापवतात. फॉर्माल्डिहाइड असेल तर जांभळा रंग येतो. ॲसेटाल्डिहाइडमुळे तो येत नाही. यकृतात मिथेनॉलचे पहिले रूपांतर जे होते, तेच येथे काचेच्या नळीत घडवून आणलेले असते. जे रूपांतर शरीरात घातक ठरते, तेच नळीत विषाचा माग देते.

येथेही शंकेला जागा ठेवतात. नमुन्यात फॉर्माल्डिहाइड आधीपासूनच असेल तर? म्हणून एक नळी परमँगनेट न घालता तयार करतात. तिच्यातही जांभळा रंग आला, तर तो मिथेनॉलमुळे आलेला असेलच असे म्हणता येत नाही. शिवाय फळांपासून बनवलेल्या मद्यात मिथेनॉल अत्यल्प प्रमाणात नैसर्गिकरीत्याच असते. तेव्हा ते आहे की नाही, एवढ्याने भागत नाही; किती आहे, हेही मोजावे लागते. त्यासाठी न्यायवैद्यक प्रयोगशाळांत वायू-वर्णलेखन या यांत्रिक पद्धतीचा अवलंब करतात.

कसोटी घेण्याची शिस्त

या सर्व उदाहरणांतून परीक्षणाचे काही नियम हाती येतात. पहिला नियम : मुख्य नमुन्याबरोबर आणखी दोन नळ्या घ्याव्यात. एकीत केवळ पाणी व कसोटीचे रसायन असावे, म्हणजे रसायनच अशुद्ध नाही ना, हे कळते. दुसरीत तो गट असल्याचे माहीत असलेला पदार्थ असावा, म्हणजे रसायन खरोखर काम करते आहे, याची खात्री पटते. दुसरा नियम : एका गटासाठी निदान दोन भिन्न तत्त्वांच्या कसोट्या घ्याव्यात. तिसरा नियम : जे दिसले ते प्रथम लिहावे आणि त्यावरून काढलेले अनुमान नंतर, स्वतंत्र रकान्यात लिहावे. ‘पिवळा साका बसला’ हे निरीक्षण. ‘इथेनॉल असावे’ हे अनुमान. उच्च माध्यमिक स्तरावरील प्रात्यक्षिकाच्या वहीत हे दोन रकाने असतात, ते यासाठीच.

या कसोट्या घरी करून पाहण्याच्या नाहीत. तीव्र आम्ले, ब्रोमीन आणि डायक्रोमेट ही धोकादायक रसायने आहेत. प्रयोगशाळेत, शिक्षकांच्या देखरेखीखाली आणि डोळ्यांना संरक्षक चष्मा लावूनच त्यांना हात लावावा. कोणताही अज्ञात पदार्थ चाखून पाहू नये.

आज अवरक्त किरणांवर चालणारी यंत्रे काही मिनिटांत रेणूतले गट दाखवून देतात. तरीही परीक्षानळीचे महत्त्व संपलेले नाही. जेथे मोठे यंत्र नाही, तेथे ती अल्प खर्चात पहिला इशारा देते. त्याहूनही मोलाची गोष्ट म्हणजे ती विचाराला वळण लावते. उत्तर मिळाले, की आपण विचारलेला प्रश्न नेमका कोणता होता, हे पुन्हा तपासण्याची सवय तिच्यामुळे जडते. ही सवय प्रयोगशाळेबाहेरही, एखाद्या जाहिरातीतला दावा ऐकताना किंवा एका खुणेवरून माणसाची पारख करताना, तितकीच कामाला येते.

विचार करा आणि लिहा

१. आयोडोफॉर्म कसोटीत पिवळा साका आला, तरी दारू मिथेनॉलमुक्त आहे असे का म्हणता येत नाही?
२. बेनेडिक्टच्या कसोटीत रंग बदलूनही मधुमेह नसण्याची दोन कारणे सांगा.
३. ‘निरीक्षण’ आणि ‘अनुमान’ यांतील फरक आपल्या रोजच्या जीवनातील एका उदाहरणाने स्पष्ट करा.